कोपराची शिवण

हिंगोलीत बायका आमच्या दुकानाला सुमनताईचं ब्लाउजचं दुकान म्हणतात आणि पुरुष त्याच दुकानाला रंगनाथ सीटवाल्याचं दुकान म्हणतात. दोघांचंही बराबर आहे. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत एकच शटर, आत मधोमध फुलाफुलांचा पडदा. पडद्याच्या अलीकडे आमचे हे मोटारसायकलच्या सीटा शिवतात, पलीकडे मी ब्लाउज शिवते. तीस वर्षांत आमची बहुतेक भांडणं त्या पडद्यातूनच झाली, कारण चांगली कात्री एकच आहे.

धंद्याबद्दल काही लिहा असा एका अंकाकडून निरोप आला तेव्हा मी ह्यांना विचारलं, "काय लिहू?" हे म्हणाले, "रेणूचं लिही. बाकी आयुष्यभर तू बाह्याच बसवल्यास."

आता बाह्या बसवणं हे काही हलकं काम नाही, ते आधी सांगते. ब्लाउजचं सगळं मुंढ्यावर, म्हणजे बाही खांद्याला जोडतात त्या गोलावर, असतं. बाईनं हात वर करून फळीवरचा डबा काढला आणि ब्लाउज वर सरकला, की मुंढा चुकला समजायचं. माझा मुंढा चुकत नाही. आणि माझा टाका बारीक. इतका बारीक की माझा ब्लाउज उलटा घालून एखादी लग्नाला गेली तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. या टाक्याचा मला फार गर्व होता. होता म्हणते, कारण तो पुढं एका लाल भोपळ्यानं उतरवला.

ह्यांचं काम आडदांड. जुनं रेक्झिन उचकटायचं, बसलेला फोम कापून नवा भरायचा, वरून नवं रेक्झिन ताणायचं आणि खालून पिना मारायच्या. दोरा जाड नायलॉनचा, सुई दाभणासारखी, टाके एकमेकांपासून लांब लांब. मी त्या टाक्यांना बैलगाडीची चाकोरी म्हणायची.

सीटवाल्याकडे काय काय गिऱ्हाइकं येतात ते पडद्याआडून मी ऐकत आले. एक जण आला आणि म्हणाला, सीटच्या मधोमध उंचवटा करा, ब्रेक मारला की बायको अंगावर येते. दुसऱ्याच दिवशी त्याची बायको माझ्याकडे ब्लाउज टाकायला आली आणि जाता जाता ह्यांना म्हणाली, "भाऊ, तो उंचवटा माझ्या बाजूला जरा मऊ ठेवा." एका नवरदेवाला फेट्यावरून हेल्मेट घालून वरातीत मोटारसायकल चालवायची होती. हे म्हणाले, "फेटा डिक्कीत ठेवा, मंडपाच्या दारात बांधा." नवरदेव नाराज झाला, पण त्याच्या आईनं ह्यांना लग्नाचं आमंत्रण दिलं. कनेरगाव नाक्याच्या एका ढाबेवाल्यानं तर हेल्मेटच्या आत सोफ्यासारखी मखमल लावून घेतली आणि मग उकडतं म्हणून हेल्मेट घालणंच सोडलं.

हेल्मेटची कामं अशीच येत गेली. आतलं अस्तर फाटलं, पट्टा तुटला, की लोक सीटवाल्याकडे आणतात. त्यातलं एक काम माझ्या मनातून जात नाही.

पुसेगावकडचे एक गुरुजी घाईत आले. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा एका बाजूनं उसवला होता. हे कुठंतरी गेले होते. गुरुजी म्हणाले, "ताई, दोन टाके मारून द्या, शाळा गाठायची हाये." मी ब्लाउजच्या मशीनवर ब्लाउजच्याच दोऱ्यानं सुबक शिवण मारून दिली. दोन महिन्यांनी गुरुजी खडीवर घसरले. डोकं जमिनीवर आपटायच्या आधी हेल्मेट निघून बाजूला घरंगळलं. गुरुजी वाचले. पण डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं. बरे झाल्यावर ते दुकानात आले, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "ताई, टाका सुटला." रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून आमच्याकडे हेल्मेटचा पट्टा शिवत नाहीत. कुणी आणला की नवं हेल्मेट घ्या म्हणून सांगतो, मग तो मंत्री असो की मेहुणा.

हे झाल्यावर चार-पाच वर्षांनी रेणू आली.

रेणू म्हणजे पुसेगावजवळच्या तांड्यातल्या तुळशीराम नाईकांची पोरगी. नाईक तांड्यातले मानाचे माणूस, घरी शेती, सोयाबीन आणि हळद. पोरगी पुण्याला मोटारसायकलच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागली होती, आणि तिथून शर्यतीत उतरली होती. साधीसुधी शर्यत नव्हे, त्यासाठी मुद्दाम बांधलेल्या ट्रॅकवर. तिकडे दक्षिणेत असे ट्रॅक आहेत. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, काटक, केस मागं घट्ट बांधलेले. एका दुपारी तिनं एक मोठी पिशवी ह्यांच्या टेबलावर ओतली. आत चामड्याचा अख्खा सूट होता. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, जागोजागी कडक गाद्या बसवलेला.

"काका, हा मला फिट करून पाह्यजे."

ह्यांनी सूट उचलून पाहिला. "हा तं गड्याचा हाये."

"व्हय ना. बायांच्या मापाचा मिळतच न्हाई लवकर. एकाचा वापरलेला घेतला. हे पाहा काय झालं." तिनं बाही वर केली. डाव्या कोपरावर तळहाताएवढा गुळगुळीत, गुलाबी व्रण होता.

मी पडदा बाजूला करून बाहेर आले. व्रणावर बोट ठेवलं. "सूट अंगात असून?"

"सूट अंगात असून, मावशी. पडले तेव्हा बाही फिरली. कोपराची गादी गेली दंडाखाली, आन् कोपर राह्यलं उघडं. कपडा ढिला असला की गादी जागेवर राहत न्हाई."

मी तो सूट तिच्या अंगावर धरला. खांदे बोटभर खाली, कंबर सैल, मुंढा तर विचारूच नका. तीस वर्षांत मी ढिला ब्लाउज म्हणजे फार तर वाईट दिसणं एवढंच समजत होते. ढिल्या मुंढ्यानं कोपर सोलून निघतं हे त्या दिवशी कळलं.

"हा फिट व्हायचा न्हाई," मी म्हटलं. "नवाच शिवावा लागंल."

हे माझ्याकडे बघत राहिले. गुरुजींच्या हेल्मेटनंतर मी अशा कामाला हात लावेन असं त्यांना वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं. पण चुकलेला मुंढा समोर दिसला की माझ्याच्यानं राहवत नाही.

रेणूनं शर्यतवाल्यांची नियमांची यादी मागवली. चामडं किती जाडीचं, शिवण कशी, गाद्या कुठं कुठं. चामडं आणि कोपर, गुडघे, खांदे, पाठ यांच्या गाद्या तिनं पुण्याहून आणल्या. पाठीची गादी तर कासवाच्या पाठीसारखी होती. मग माप. ब्लाउजचं माप घेताना मी बाईला सरळ उभी राहा म्हणते. पण शर्यतीत माणूस सरळ नसतोच, टाकीवर पालथा पडलेला असतो. ह्यांनी एक मोटारसायकल दुकानात घेऊन डबल स्टँडवर लावली. पडदा काढावा लागला. रेणू तिच्यावर ओणवी झाली आणि मी टेप घेऊन तिच्याभोवती फिरू लागले. जन्मात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला म्हणत होते, "वाक. अजून वाक." शटरबाहेर पंधरा-वीस माणसं गोळा झाली होती. ब्लाउज न्यायला आलेल्या एका बाईनं विचारलं, "सुमनताई, हे कोणत्या फॅशनचं हाये?"

आठवड्यानं तुळशीराम नाईक स्वतः आले. पांढरं धोतर, पांढरी मिशी, आवाज खणखणीत. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"रंगनाथराव, ताई, तुमी भले माणसं हात. पण पोरीला काहून भरीस घालून राहिले? दोनशेच्या वर पळवते म्हणे ती गाडी. त्या स्पीडला पडल्यावर चामडं काय आन् रेशीम काय? सारखंच."

रेणू तिथंच होती. "बापू, पडणं वेगळं आन् धडकणं वेगळं. ट्रॅकवर धडकायला काय न्हाई. झाड न्हाई, ट्रॉली न्हाई, बैल न्हाई. तिथं पडलं की माणूस घसरत जातो. घसरता घसरता स्पीड मरते. तेवढ्या टायमात आपल्या चामडीच्या जागी दुसरं कायतरी घासलं पाह्यजे, बस."

"आन् आपल्या रोडवर?"

"रोडवर दोनशेनं गेलं तं अंगात सूट असला काय आन् नसला काय. समोर काय येईल सांगता येत न्हाई. म्हणून तं मी रोडवर पन्नासच्या वर जात न्हाई."

हे खरं होतं. पुसेगावहून हिंगोलीला येताना तिला पाण्याचे टँकर ओलांडून जायचे. नाईक स्वतः तिच्यापेक्षा जोरात चालवायचे, तेही उघड्या डोक्यानं.

"बोलायला सोपं हाये," नाईक म्हणाले. "मला डोळ्यानं दाखवा."

मला तो माणूस आवडला. त्याला पोरगी अडवायची नव्हती, त्याला खात्री पाहिजे होती. आणि खरं सांगायचं तर ती मलाही पाहिजे होती.

ठरलं असं, की आधी चामड्याच्या तुकड्यांचं नमुन्याचं एक जाकीट शिवायचं आणि ते घासून बघायचं. मी चार दिवस खपले. ह्यांच्या मशीनवर बसले, ह्यांचाच जाड दोरा घेतला, पण टाका माझा ठेवला. बारीक, जवळजवळ, सुबक. हे एकदा म्हणाले, "टाका लांब घे. चामडं हाये ते, कापड न्हाई." मी म्हटलं, "तुमची चाकोरी तुमच्यापाशी ठेवा."

नवा बायपास झाल्यापासून जुन्या डांबरी रस्त्याचा एक तुकडा तांड्याच्या बाजूला मोकळा पडला आहे. तिथून कुणी जात नाही, हळद वाळत घालतात. एका सकाळी सगळा तांडा तिथं जमला. बायका, म्हातारी माणसं, शेळ्या. रस्त्याची दोन्ही तोंडं बैलगाड्या आडव्या लावून बंद केली. रेणूनं पोत्यांत सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, भरून दोन माणसं तयार केली होती. हातांच्या जागी पोत्याच्याच नळ्या, आणि कोपरांच्या जागी एकेक लहानसा लाल भोपळा. एका पोत्याला नाईकांचा जुना सदरा घातला, दुसऱ्याला माझं जाकीट.

तांड्यातल्या एकाचा पिकअप टेम्पो सत्तरच्या वेगानं आला. मागं कमरेला दोर बांधून बसलेल्या रेणूनं आधी सदऱ्याचं पोतं ढकललं. सदरा दोन हात अंतरात नाहीसाच झाला. कुटाराचा धुरळा उडाला, शेळ्या धावल्या, लोक हसले. भोपळा अर्धा घासून गेला होता, बिया रस्त्यावर सांडलेल्या. हसणं थांबलं.

मग जाकिटाचं पोतं. ते घसरलं, फिरलं, पुन्हा घसरलं आणि थांबलं. मी पळत गेले. चामडं शाबूत होतं. खरचटलं होतं, पण भोक नव्हतं. पण कोपराची शिवण मनगटापर्यंत उघडी पडली होती. सरळ रेषेत, एकही टाका न चुकता.

नाईक आले, वाकले, त्या फटीतून भोपळा बाहेर काढला. त्याची एक बाजू सोललेली होती. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून माझ्यापुढं केला.

"ताई, हे माझ्या लेकीचं कोपर."

मला गुरुजी आठवले. रेणूच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, चामडं टिकलं ना? मग निम्मं काम झालं."

घरी येताना ह्यांच्या मागं बसून मी रडत होते. ह्यांनी कळमनुरी नाक्यावर गाडी थांबवली, चहा सांगितला आणि शर्टाच्या खिशातून एक पोस्टाचं तिकीट काढलं. कुठल्या तरी अर्जासाठी घेतलेल्या तिकिटांतलं एक उरलं होतं. त्याच्या कडेच्या भोकांवरून नख फिरवून म्हणाले, "हे सहज फाटावं म्हणून भोकं अशी जवळजवळ पाडतात. तू चामड्यात तेच केलंस. सुई कापडाचे धागे बाजूला सारते, चामड्याला मात्र भोक पाडते. जवळजवळ भोकं पाडली की फाडायची रेघ तयार होते."

"मग आधी काहून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं होतं. पडदा होता मधी."

मी रडता रडता हसले. चहा मात्र त्यांचाही मीच प्याले.

दुसऱ्या दिवशी पडदा काढून ठेवला, तो महिनाभर लावलाच नाही. टाका लांब केला. शिवणी एकीऐवजी दोन घेतल्या, एक आत दडलेली, एक वरून, म्हणजे रस्त्याला वरची घासून गेली तरी आतली धरून ठेवील. कोपराची शिवण मुळात कोपरावर ठेवायचीच नाही, असं माझ्या लक्षात आलं. ब्लाउजच्या बाहीची शिवण आपण काखेखाली लपवतो, तशी ती हाताच्या आतल्या अंगाला नेली, रस्त्याला जी बाजू लागत नाही तिकडे. हे म्हणाले, "हे मला सुचलं नसतं." एवढं बोलून त्यांनी चांगली कात्री स्वतःहून माझ्याकडे सरकवली.

पुन्हा तोच रस्ता, तोच पिकअप, तोच तांडा. या वेळी कुणी हसत नव्हतं. पोतं घसरलं, थांबलं. नाईक सगळ्यांच्या पुढं पोचले. शिवण चाचपली, बाहीत हात घातला आणि भोपळा काढून डोक्याच्या वर धरला. साल जशीच्या तशी होती. तांड्यातल्या बायकांनी असा काही गलका केला की बैल दचकले. तोच भोपळा नाईकांच्या घरी चिरला, त्याची भाजी झाली आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर आम्ही सगळ्यांनी खाल्ली. इतकी चवदार भोपळ्याची भाजी मी परत खाल्लेली नाही.

खरा सूट शिवून झाला तेव्हा रेणू तो घालून नाईकांसमोर उभी राहिली. उभी म्हणजे काय, कमरेत वाकून, हात पुढं काढून, अस्वलासारखी.

"ताई, पोरगी सरळ उभी राहीना. कपडा आखूड झाला."

"नाईक, तिला उभं न्हाई राह्यचं. तिला वाकायचं हाये." रेणू गाडीवर बसली आणि सूट असा बसला, की कुठं सुरकुती नाही की ताण नाही. मुंढा बघून मीच स्वतःवर खूश झाले.

शर्यतीला मी, हे आणि नाईक, आम्ही तिघंही गेलो. हिंगोलीहून पूर्णा, तिथून गाडी बदलत बदलत दक्षिणेत. दोन दिवसांच्या प्रवासात नाईकांनी एक शब्द शर्यतीचा काढला नाही. पिकांचं बोलत राहिले.

ट्रॅकवर पहिलं काम तपासणीचं. एक चष्म्यातला माणूस प्रत्येकाचं हेल्मेट, हातमोजे, बूट, सूट उलटून पालटून पाहत होता. रेणूच्या सूटची बाही त्यानं आतून बाहेर काढली, शिवणीवरून अंगठा फिरवला, यादीवर काहीतरी लिहिलं आणि हा कुणी शिवला असं इंग्रजीत विचारलं. रेणूनं माझ्याकडे बोट केलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझी नऊवारी, हातातली पिशवी, आणि मान डोलावली. मी आमच्या गल्लीत इतकी मान कधी ताठ केली नव्हती.

दुपारी सराव होता. आम्ही कुंपणाच्या अलीकडे एका वळणासमोर उभे होतो. गाड्या येताना आधी आवाज यायचा, मग काहीतरी रंगीत समोरून निघून जायचं. सरळ रस्त्यावर दोनशेच्या वर, वळणावर कमी, असं ह्यांना कुणीतरी सांगितलं. मला सगळं सारखंच वाटत होतं. रेणूच्या सूटवरचा पिवळा पट्टा मी तीनदा ओळखला. चौथ्यांदा ती वळणावर इतकी कलली की गुडघा जमिनीला लागला. आणि मागचं चाक सटकलं.

गाडी एकीकडे गेली, ठिणग्या उडवत. रेणू दुसरीकडे. पाठीवर, मग कोपरावर, मग कुशीवर, डांबरावरून घसरत, घसरत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. घड्याळात चार-पाच सेकंदच असतील. नाईकांनी ह्यांचं मनगट धरलं होतं, तिथं दुसऱ्या दिवशीही बोटं उमटलेली होती. मी डोळे मिटले नाहीत. माझं काम होतं ते, मला बघायचंच होतं. मी फक्त डावं कोपर बघत होते.

ती वाळूच्या पट्ट्यात जाऊन थांबली. हलली नाही.

मग हात वर आला. मग दुसरा. मग ती गुडघ्यावर बसली, उठली, आमच्याकडे वळली आणि दोन्ही हात हलवले. सूट घालून सरळ उभं राहता येत नाही ना, म्हणून ते अस्वलच हात हलवत होतं. नाईक मटकन खाली बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं हसू. "उठली," ते म्हणाले. "उठली ना?" प्रत्येकाला विचारत होते. "उठली ना?"

डॉक्टरांनी तपासलं. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं आणि मानेला थोडा ठणका होता. बाकी कातडीवर एक ओरखडा नव्हता. हेल्मेटची डावी बाजू घासून पांढरी झाली होती. ते तिनं लगेच बाजूला टाकलं, एकदा मार खाल्लेलं हेल्मेट परत वापरत नाहीत. तिनं दुसरं आणलेलंच होतं. सूट माझ्या मांडीवर ठेवला. कोपरावरचं वरचं चामडं झिजून कागदासारखं झालं होतं. एक वरची शिवण घासून गेली होती. आतली एकही सुटली नव्हती. मी तिचा एकेक टाका बोटानं मोजला.

"मावशी, उद्या शर्यत हाये. होईल का नीट?"

गॅरेजच्या कोपऱ्यात एका टायरवर बसून मी आणि हे, दोघांनी मिळून हातशिलाईनं कोपरावर नवा तुकडा चढवला. ह्यांनी दाभणानं भोकं पाडली, लांब लांब, आणि मी दोरा ओढला. शेजारच्या संघातली माणसं चहा घेऊन बघायला आली. एकानं स्वतःचा हातमोजा आणून दिला, अंगठा उसवलेला. तोही शिवला. चष्म्यातल्या माणसानं संध्याकाळी पुन्हा तपासलं आणि सूट पास केला.

दुसऱ्या दिवशी रेणू पाचवी आली. नाईकांनी विचारलं, "पाचवी म्हंजे चांगलं का वाईट?" ह्यांनी सांगितलं, बारा जणी होत्या. नाईकांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "चांगलं."

परतीच्या गाडीत आमच्या डब्यात सगळी दक्षिणेकडची मंडळी होती. मराठी कुणालाच येत नव्हतं. नाईकांनी त्यांचं निजामाच्या वेळेपासून घरात चालत आलेलं हिंदी बाहेर काढलं. स्टेशनवर पेढ्यांचा पुडा घेतला आणि एकेका सीटवर जाऊन वाटायला लागले. एका म्हातारबाबांनी पेढा हातात घेऊन विचारलं, काय खुशखबर?

"मेरी लडकी गिर गई!" नाईक म्हणाले.

म्हातारबाबांचा चेहरा उतरला. पेढा तोंडापाशी थांबला. त्यांनी "अरेरे" म्हणून नाईकांच्या हातावर हात ठेवला.

"नहीं नहीं," नाईक खणखणीत आवाजात म्हणाले, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं. "अच्छी गिरी! दो सौ के स्पीड वाली गाडी पे से गिरी, इत्ता दूर घिसटी, और उठ के खडी हो गई! कुछ नहीं हुआ! एक नाखून काला, बस!" आणि मग त्यांनी वळून आमच्या दोघांकडे हात केला, लग्नात व्याह्यांची ओळख करून देतात तसा. "ये दोनों ने कपडे सिये. हमारे हिंगोली के हैं."